सूर्यफुलं विकत घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांची हातानं रंगवलेली प्रतिकृती घ्यायची असेल, तर ती करणारा चित्रकार पहिला प्रश्न विचारील तो असा : कुठली सूर्यफुलं? फुलदाणीतल्या सूर्यफुलांचं एकच चित्र आहे असा पुष्कळांचा समज असतो. फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल गावी, ऑगस्ट 1888 मध्ये, व्हॅन गॉगनं ओळीनं चार चित्रं केली. त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँ राहायला येणार होता, त्याची खोली या फुलांनी सजवायची होती. या चारांपैकी एक 1945 साली जपानमध्ये हवाई हल्ल्यात जळालं, एक खासगी संग्रहात आहे. उरलेली दोन म्हणजे म्युनिकमधलं निळसर हिरव्या पार्श्वभूमीचं आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं, पिवळ्या भिंतीपुढच्या पंधरा फुलांचं. पुढे त्यानं स्वतःच या दोन चित्रांच्या आवृत्त्या केल्या. अ‍ॅमस्टरडॅम आणि टोकियोतल्या आवृत्त्या लंडनच्या चित्रावरून, फिलाडेल्फियातली म्युनिकच्या चित्रावरून. म्हणजे सूर्यफुलांची नक्कल करायला सुरुवात केली ती व्हॅन गॉगनंच, आणि त्याच्याही दोन आवृत्त्या एकसारख्या नाहीत. टोकियोचं चित्र तर जाड विणीच्या तागाच्या कापडावर आहे, त्यामुळे त्याचा पोतच निराळा. तेव्हा मागणी नोंदवताना ‘सूर्यफुलं’ एवढंच न सांगता शहराचं नाव सांगा.

त्यानंतर मापाचं बघू. लंडनचं चित्र साधारण 92 सेंटिमीटर उंच आणि 73 रुंद आहे, म्हणजे उंची रुंदीच्या सव्वापट. 16 बाय 20 किंवा 24 बाय 30 इंचांची तयार चौकट या प्रमाणात जवळजवळ अचूक बसते. 24 बाय 36 ची बसत नाही. 24 इंच रुंदीला उंची साधारण 30 इंच यायला हवी, मग वरचे सहा इंच भरायचे कशानं? चित्रकार एकतर फुलदाणी ताणतो, नाहीतर डोक्यावर मोकळी भिंत वाढवतो. दोन्हींत चित्राची दाटी जाते, आणि या चित्राचा जीव त्या दाटीतच आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या चित्रात वरच्या फुलाला जागा पुरेना म्हणून व्हॅन गॉगनं वरच्या कडेला लाकडी पट्टी जोडून तिच्यावरही रंगवलं. ते चित्र त्यामुळे 95 सेंटिमीटर उंच आहे. तेव्हा आधी चित्र ठरवा, त्यावरून माप काढा आणि चौकट शेवटी निवडा.

आता मुख्य गोष्ट, रंगाची जाडी. या चित्रात रंग नुसता लावलेला नाही, रचलेला आहे. पाकळी एका-दोन भरगच्च फटकाऱ्यांत उभी राहते, फुलाचा बियांचा गाभा जाड ठिपक्यांनी भरलेला असतो, मागच्या भिंतीवरही एकमेकांना छेदणारे फटकारे दिसतात. सपाट, गुळगुळीत प्रतिकृती मिळणार असेल तर माझ्या मते सरळ चांगली छापील प्रत घ्यावी. ती स्वस्तही पडते आणि मूळ चित्राशी जास्त प्रामाणिक राहते.

इथेच फसगतही होते. छापील चित्रावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ते हातानं रंगवलेलं म्हणून विकलं जातं. ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा, छपाईचे बारीक ठिपके दिसतील. मग खोलीतला दिवा मालवून विजेरी अगदी बाजूनं, चित्राला जवळजवळ समांतर धरा. खऱ्या रंगकामात जिथे रंग बदलतो तिथेच उंचवटाही बदलतो. जेलचे फटकारे मात्र पाकळीच्या कडेची पर्वा न करता आडवेतिडवे धावतात. दुरून मागवत असाल तर पाठवण्याआधी दोन छायाचित्रं मागा : एक समोरच्या उजेडातलं, एक बाजूच्या.

छायाचित्रात आणखी काही तपासा. लंडनच्या चित्राची प्रत असेल तर टेबल आणि भिंत यांच्यामधली निळी रेघ आहे का? फुलदाणीची सावली टेबलावर पाडून ठेवली नाही ना? मुळात ती नाही, हौशी हात ती हमखास घालतात. सगळी फुलं सारखीच टवटवीत दिसत असतील तर चित्र बिघडलंच समजा. मुळात काही फुलांच्या पाकळ्या गळून नुसता गाभा उरलेला आहे.

पिवळ्याचंही ठरवून घ्यावं लागतं. व्हॅन गॉगनं क्रोम यलो वापरला. तो शिशाचा क्रोमेट, विषारी, आणि उजेडात त्यातल्या क्रोमियमचं रूप बदलून तो तपकिरीकडे झुकतो. आजचे चित्रकार बहुधा कॅडमियम किंवा हंसा यलो वापरतात. मग चित्र आज दिसतं तसं हवं की 1888 मध्ये दिसत असेल तसं? दोन्ही रास्त आहे, पण सांगितलं नाही तर चित्रकार स्वतःच्या पडद्यावर दिसेल ते रंगवेल. हाच प्रश्न व्हॅन गॉगच्या 1890 च्या गुलाबांच्या चित्रांना जास्त बोचरा आहे. ते आज पांढरट दिसतात, मुळात गुलाबी होते. त्यातला तांबडा रंग उडून गेला.

आता वाळणं. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतो. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो. जाड थरावर वरून साय धरते आणि आत कित्येक महिने ओल राहते. असं चित्र घाईनं गुंडाळलं की उंचवटे चेपतात, साय फाटते, कागद चिकटतो. म्हणून चित्र कधी पुरं झालं ती तारीख विचारा. जाड रंगाचं चित्र गुंडाळू नयेच, चौकटीवर ताणून लाकडी खोक्यातून मागवावं. गुंडाळणं भागच असेल तर रंगाची बाजू बाहेर आणि नळकांडं जितकं रुंद तितकं चांगलं. बाजू आत असली की रंग दाबला जातो आणि उलगडताना तडकतो. थंडीत आलेलं चित्र आधी उबदार खोलीत राहू द्या, मग उलगडा. उंचवटे अ‍ॅक्रिलिकच्या लगद्यानं केले असतील आणि वर तेलरंग असेल तर हरकत नाही. उलटं, म्हणजे तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक असेल, तर तो पुढे सुटतो.

न ताणलेल्या कॅनव्हासला चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर कोरी किनार हवी, नाहीतर चित्राच्या कडाच चौकटीमागे वळवाव्या लागतात. ताणताना समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे सरकावं, आणि फुलांच्या भागाला तळहात टेकू नये. पुढे कापड सैल पडलं तर कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हातानं ठोकायच्या.

वार्निशची घाई नको. एवढ्या जाड रंगाला वर्षभर थांबावं. व्हॅन गॉग स्वतः सहसा वार्निश लावत नसे, त्यामुळे चकचकीत वार्निशचा आग्रह सोडलेलाच बरा.

प्रतीवर व्हॅन गॉगची सही असावी का, हेही विचारतात. 1890 मध्ये त्याचं निधन झालं, चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही, नक्कल करायला मोकळीक आहे. अडचण येते ती प्रत अस्सल म्हणून खपवली तर. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात नक्कल करणाऱ्यांना मूळ मापापेक्षा किमान एक पंचमांशानं लहान किंवा मोठी प्रत करावी लागते आणि मूळ सही उतरवता येत नाही. घरासाठी मागवतानाही चित्रकाराला कॅनव्हासच्या मागे स्वतःचं नाव, तारीख आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द लिहायला सांगा.

काच लावायची असेल तर ती उंचवट्यांना टेकणार नाही इतकं अंतर ठेवा. काच नसेल तर धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानं काढा. फडका वापरू नका, पाकळ्यांच्या टोकांना तो अडकतो आणि टोक तुटतं.