आधी वारा बघ

(दृश्य : शेडवर वाळणारा बेदाणा, मग कोल्ड स्टोरेजची बिनखिडक्यांची भिंत)

तासगावचा बेदाणा वर्षभर टिकतो तो या भिंतीआड. आतला गारवा राखायला अमोनिया वापरतात. उणे ३३ अंशांना उकळणारा हा वायू पाइपांतून गुमान फिरतो, तोवर त्याची कुणाला आठवणही होत नाही.

(दृश्य : बंब आवारात शिरतो)

आज गळती झालेली नाही. झालीय असं धरून अग्निशमनचे जवान, १०८ रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी आणि पोलीस शिकायला आलेत.

बंब सवयीने थेट दाराशी गेला. प्रशिक्षकांनी तो मागे घ्यायला लावला. ‘आधी वारा बघ!’ वारा पाठीशी घेऊनच पुढे जायचं. वर्दी मिळाली की धावायचं, हे जवानाच्या अंगात मुरलेलं. इथे नेमकं तेच मोडायचंय.

(दृश्य, अगदी जवळून : पेटलेली गंधकाची वात)

आता प्लांटचा ऑपरेटर पुढे होतो. व्हॉल्व्हला अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा बांधलाय. पेटलेली वात पाइपाच्या कडेकडेने सरकते... काही नाही... आणि बोळ्याजवळ येताच पांढराफेक धूर. गळती शोधायची ही जुनी रीत. वर्गातल्या स्लाइडांपेक्षा ही जास्त लक्षात राहील, असं आम्हाला तरी वाटतं.

(दृश्य : पाण्याचा फवारा)

अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून हवेतल्या वायूवर बारीक फवारा धरायचा. जमिनीवर सांडलेल्या द्रवावर मात्र नाही. पाण्याच्या उबेने तो आणखी जोरात उकळतो. पाणीपुरवठ्याच्या क्लोरीन टाकीचं गणित निराळं. गळक्या भोकावर पाणी मारलं की आम्ल तयार होतं आणि भोकच मोठं होतं.

(दृश्य : टँकर, चिखलाने माखलेली पाटी)

महामार्गावर पेठ नाक्याशी असा टँकर कलंडला, तर बहुधा पोलीसच आधी पोहोचणार. टँकरवर आतल्या रसायनाचा क्रमांक सांगणारी ही पाटी लावणं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे. १२०३ म्हणजे पेट्रोल, १००५ म्हणजे अमोनिया. हवालदार दुर्बिणीतून वाचतात : एक, शून्य, शून्य... पुढचा आकडा चिखलाखाली. जवळ जाऊन पुसायचा मोह इथेच आवरायचा. लांबूनच चालकाला गाठायचं, कागद मागायचे.

अमोनियाने डोळे जातात, फुप्फुसं भाजतात. वायुगळती काय करते, त्यासाठी १९८४चं भोपाळ सांगायला नकोच. जिल्हा संकट गटाने वर्षातून किमान एक पूर्ण मॉकड्रील घ्यावं, असं रासायनिक अपघातांविषयीचे १९९६चे नियम सांगतात. जवानांच्या बदल्या होत राहतात, नवे भरती होतात. आमच्या मते एक पुरत नाही.

(दृश्य : ‘रुग्णा’च्या अंगावर पाणी)

गाडीत घेण्याआधी रुग्णाचे कपडे उतरवायचे, अंगावर भरपूर पाणी ओतायचं. नाहीतर बंद गाडीत डॉक्टरांनाही त्रास. १०८वरच्या ताई विचारतात, ‘सर, बाईमाणूस असली तर आडोसा?’ पुस्तिकेत याचं उत्तर नाही. प्रशिक्षक दोन ताडपत्र्या मागवतात. यापुढे त्या बंबावरच ठेवायच्या, असं ठरतं.