डोक्यातला साचा

हे पान जरा जवळून पाहा. केवड्याच्या कुळातल्या झाडाचं लांबलचक पान, दोन्ही कडांना बारीक काटे. एका कडेला मात्र खाच पडलीये. खाचेची आतली बाजू पायरीपायरीनं रुंद होत गेलीये. अळीनं कुरतडलेलं पान असं दिसत नाही. हे काम कावळ्याच्या चोचीचं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, दक्षिण प्रशांत महासागरात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. तिथला हा कावळा. रंगानं काळाभोर, पण चोच बरीच सरळ, काटकी धरायला सोयीची. कुजक्या लाकडाच्या भोकात खोल दडलेली अळी काढायची तर तो काटकीचं टोक आत घालतो आणि तिला डिवचत राहतो. चिडलेली अळी ते टोक जबड्यात पकडते, आणि कावळा तिला अलगद बाहेर ओढतो.

पानाच्या पट्टीचं हत्यार याहून कष्टाचं. कावळा पानाच्या कडेला चोचीनं काप देतो आणि धाग्यांच्या रेषेत पान थोडं फाडतो. मग पुन्हा काप, या वेळी जरा खोल, आणि पुन्हा फाडणं. शेवटी पट्टी सुटते, तेव्हा तिचं एक टोक अरुंद असतं, दुसरं धरण्याजोगं रुंद, आणि कडेचे काटे भक्ष्य अडकवायला बरोबर उलट्या दिशेनं वळलेले. इथे एक गोष्ट सुटू नये: पट्टी पानापासून सुटेपर्यंत कावळ्याला ती वापरून बघता येत नाही. कापड कापायच्या आधी शिंपी बेततो, तसा तिचा आकार आधीच ठरलेला असतो.

अभ्यासक गॅव्हिन हंट यांनी १९९६ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ही हत्यारं जगापुढे आणली. पुढे रसेल ग्रे यांच्यासोबत त्यांनी बेटावर ठिकठिकाणी हिंडून पानांवर उरलेल्या हजारो खाचा तपासल्या. कुठे रुंद पट्टीची रीत होती, कुठे अरुंद, कुठे पायऱ्यांची. झाड तेच, पक्षीही तोच, तरी घडण वेगळी!

मग पिल्लं हे शिकतात कशी? काटकी खुपसण्याची ओढ उपजत असते. ऑक्सफर्डमध्ये माणसांनी वाढवलेल्या पिल्लांनी, कुणी करून न दाखवताही, काटक्या वापरायला सुरुवात केली होती. पायऱ्यांच्या पट्टीचं तसं नाही. रानातलं पिल्लू आईबापांच्या मागे बराच काळ राहतं, त्यांनी टाकलेली हत्यारं उचलतं, तीच भोकात घालून बघतं. यातून अभ्यासकांना एक शक्यता सुचली: पिल्लू कापण्याची कृती पाहून शिकत नसेल. तयार पट्टीचा आकारच त्याच्या मनात बसत असेल, आणि पुढे ते त्याबरहुकूम कापत असेल.

साराह जेल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी ही शक्यता २०१८ मध्ये तपासली. कागदाचा तुकडा टाकला की खाऊ देणारं एक यंत्र कावळ्यांपुढे ठेवलं. कुणाला मोठ्या तुकड्यावर खाऊ मिळे, कुणाला लहान. हे अंगवळणी पडल्यावर सगळे तुकडे काढून घेतले आणि कावळ्यांना एक मोठा कागद दिला. त्यांनी तो चोचीनं फाडला, आणि फाडलेले तुकडे ज्याला ज्या मापावर खाऊ मिळाला होता त्या मापाकडे झुकणारे निघाले. नमुना समोर नव्हता. जे होतं ते आठवणीत होतं.

२००२ मध्ये ऑक्सफर्डच्या बेटी नावाच्या कावळीनं सरळ तार वाकवून आकडा केला आणि ती जगभर गाजली. मला मात्र हे फाटके कागद जास्त मोलाचे वाटतात. पक्ष्यांची आठवण किती नेमकी असते, हे आधीही दिसलं होतं. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांच्या १९९८ च्या प्रयोगातल्या 'स्क्रब जे' या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांना कुठे काय पुरलं आणि त्याला किती वेळ झाला, तिन्ही ध्यानात होतं. आवडत्या अळ्या खराब होण्याइतका काळ लोटला की ते शेंगदाण्यांकडे वळत. तिथे आठवणीनं वस्तू शोधली. इथे आठवणीतून वस्तू घडली.

रानातलं पिल्लू नेमकं असंच शिकतं, हे या एका प्रयोगानं सिद्ध होत नाही. त्यासाठी लागणारी कुवत कावळ्यात आहे, इतकं त्यानं दाखवलं. तिथे रानात पिल्लाच्या पहिल्या पट्ट्या वेड्यावाकड्या निघतात, कित्येक कामाच्याच नसतात, आणि मोठ्यांसारखा हात बसायला त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो.