बधिर पावलं आणि पाच वनस्पतींचा काढा

(दृश्य: बोझोउचा औषधी बाजार, पोत्यांच्या रांगा)

चीनच्या आनह्वेइ प्रांतातलं बोझोउ शहर. औषधी वनस्पतींचा देशातला सर्वांत मोठा बाजार इथला. या खडूच्या कांड्यांसारख्या पांढऱ्या मुळ्या पिओनी या फुलझाडाच्या, याच परिसरात पिकलेल्या. पिवळसर चकत्या ह्वांगछी या वनस्पतीच्या मुळांच्या, त्या उत्तरेकडून आल्या. काड्या दालचिनीच्या, दक्षिणेतल्या. त्यात आलं आणि लाल चिनी बोरं घातली की पाच जिन्नस झाले.

या पाचांचा काढा जवळपास १८०० वर्षं जुना आहे. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या नावावर तो चालत आला. मुळ्या आणि काड्या समान वजनाच्या, आलं दुप्पट, बोरं बारा. सहा मापं पाणी आटवून दोन मापं उरवायचं आणि कोमट असतानाच दिवसातून तीनदा घ्यायचं. दिलाय कोणासाठी? सुखवस्तू, अंगानं भरलेल्या, कष्टाची सवय नसलेल्या माणसांचं अंग बधिर होतं तेव्हा. मधुमेहाचं नाव तिथे नाही. पण आज चीनमध्ये मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांना हाच काढा थोड्याफार फेरफारानं दिला जातो.

(दृश्य: तळपाय)

मधुमेहात पहिला फटका पायाच्या बोटांना बसतो, कारण तिथवर पोचणाऱ्या नसा शरीरात सर्वांत लांब. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांचं थेट नुकसान होतं, आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. आधी मुंग्या, रात्री आग आग, आणि मग काहीच नाही. चप्पल पायातून निसटते, कळत नाही. खिळा टोचतो, कळत नाही. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन यांसारख्या गोळ्यांनी वेदना कमी होतात, पण खराब झालेली नस त्या दुरुस्त करत नाहीत. म्हणून माणसं काढ्याकडे वळतात. त्यांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही.

चिनी वैद्य म्हणतात, बळ कमी पडलं, रक्त साकळलं. ह्वांगछीनं बळ द्या, दालचिनीनं वाट मोकळी करा. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजच्या ज्ञानाशी हे जुळल्यासारखं वाटतं. पण जुळल्यासारखं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

(दृश्य: वाफाळतं पाणी, लाकडी टब)

इथे जरा थांबा. औषधी पाण्यात पाय बुडवून बसणं हाही चिनी उपचारांचा लोकप्रिय भाग. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड उठल्यावरच दिसतो. पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आधी तपासलंच पाहिजे.

आणि ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल? जानेवारी २००९ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतात मधुमेहावरच्या अशाच बनावट कॅप्सूल घेऊन दोघं दगावले. त्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं आधुनिक औषध प्रमाणाबाहेर मिसळलेलं होतं.

मग काढ्यानं गुण येतो का? २०१३ मध्ये कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात या विकारावरच्या चिनी वनौषधींच्या ४९ चाचण्या तपासल्या गेल्या. रुग्ण ३६३९, चाचण्या सगळ्या चीनमधल्या. अनेकांत फायदा नोंदवलेला. तरीही चाचण्यांचा दर्जा फार कमी, त्यांवरून काही ठरवता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. हा आढावा घेणाऱ्यांत बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातलेच संशोधक होते. आपल्याच परंपरेबद्दल असं लिहायला धैर्य लागतं, आणि मला त्यांचा आदर वाटतो.

साखर आटोक्यात ठेवणं तर हवंच. १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात, काटेकोर उपचार घेणाऱ्या टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच न होणाऱ्या) मधुमेहाच्या रुग्णांमध्ये नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी घटला. टाइप २ मध्ये मात्र फायदा इतका ठळक दिसलेला नाही, आणि बहुसंख्य रुग्ण टाइप २ चेच.

(दृश्य: प्रयोगशाळा)

चिनी शास्त्रज्ञ थू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातला धागा पकडून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं, ते प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासून. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या पाच वनस्पतींनाही तसंच पारखायला हवं. निम्म्या रुग्णांना खरा काढा, निम्म्यांना त्याच रंगाचा, त्याच चवीचा पण औषध नसलेला. कोणाला कोणता दिला हे डॉक्टरलाही माहीत नको. नसांमधून संदेश जाण्याचा वेग यंत्रानं मोजायचा, दुष्परिणाम लिहून ठेवायचे, आणि निकाल विरोधात गेला तरी तो छापायचा.