अंगावर काढलेलं दुखणं: ग्वाटेमालातल्या माया बायका

नमस्कार! 'दुखणं अंगावर काढलं' असं आपण सहज म्हणून जातो. आज ज्या बायकांविषयी सांगणार आहे, त्यांनी ते तीस-तीस वर्षं अंगावर काढलं.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. २ लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाला ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, होते.

सेपूर झार्को गावात १९८२ साली, जमिनीचे कागद मागणाऱ्या केक्ची भाषा बोलणाऱ्या माया पुरुषांना सैनिकांनी उचलून नेलं. मग त्यांच्या बायकांना छावणीवर पाळीपाळीने बोलावलं. स्वयंपाक करा, कपडे धुवा. आणि बलात्कार. या बायका त्यासाठी आपल्या भाषेत 'मुशुक' म्हणतात. म्हणजे जे पवित्र होतं ते भ्रष्ट केलं.

हे समुपदेशकासमोर खुर्चीवर बसून, दुभाष्यामार्फत, स्पॅनिशमध्ये कसं सांगणार? तिकडे भीतीच्या आजाराला 'सुस्तो' म्हणतात: भीतीने जीवच अंगातून निसटतो. आपण 'धसका घेतला' म्हणतो, त्याच्या जवळचं. मग उपायही अंगापासूनच सुरू व्हायला हवा ना?

म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि महिला संघटनांनी घेतलेल्या शिबिरांत चित्रं आली, मालिश आलं, नाच आला, मेणबत्त्या लावून माया विधी आले. मला सगळ्यात भिडलं ते जिवंत शिल्प. एक बाई मध्ये उभी राहते. भीती आठवली की अंग जसं होतं तसं होऊ देते: खांदे वर, मान आत, मुठी पोटाशी. कुणी काही विचारत नाही. दुसरी पुढे येते आणि तिची एक मूठ हळूच उघडते. मग तिसरी येते, तिची मान वर करते.

आणि ही भीती फक्त त्यांच्यापुरती नाही हो. आई काही बोलत नाही, पण बुटांचा आवाज आला की तिची पकड घट्ट होते. कडेवरचं लेकरू ते शिकतं.

पण मालिश म्हणजे न्याय नव्हे, हे मी ठामपणे म्हणेन. या बायका कोर्टात गेल्या. शालीने चेहरे झाकून साक्ष दिली. २६ फेब्रुवारी २०१६ ला दोन आरोपींना शिक्षा झाली: एकाला १२० वर्षं, दुसऱ्याला २४०. शिवाय कोर्टाने सांगितलं, सेपूर झार्कोत आरोग्य केंद्र बांधा, आणि मुलांसाठी शाळा.