रस्ता पुढे, शहर मागे

(ड्रोन दृश्य : उड्डाणपूल, सकाळ)

हा नाशिकचा उड्डाणपूल. २०१३ साली तो सुरू झाला आणि मुंबईहून धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या शहराच्या डोक्यावरून निघून जाऊ लागल्या. शहराने मात्र त्याच रस्त्याची वाट धरली. द्वारका चौकातला खोळंबा टळला तसं धुळ्याच्या बाजूचं आडगाव जवळ वाटू लागलं. आणि जे गाव जवळ वाटतं, तिथे प्लॉट पडतात.

याची सुरुवात रेल्वेने केली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं स्टेशन झालं ते गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब. पंचवटीला निघालेला यात्रेकरू उतरायचा तो माळावरच. पुढे टांगे आले, काही काळ ट्रामही धावली. स्टेशनाभोवती वस्ती धरत गेली. १९२५ साली सरकारी छापखाना आला, १९२८ साली नोटांचा, आणि नाशिकरोड हे वेगळंच गाव होऊन बसलं.

आता द्वारका चौकातून नाशिकरोडकडे निघा. काठे गल्ली, गांधीनगर, उपनगर, दत्तमंदिर, बिटको. लष्कराची आणि सरकारी जागा सोडली, तर मधे रान म्हणून उरलेलं नाही. १९८२ साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी मिळून महापालिका झाली, तेव्हा कागदावर हद्द एक झाली. रस्त्यालगतच्या घरांनी ते काम आधीच सुरू केलं होतं.

(दृश्य : आडगाव शिवार, जेसीबी)

ही द्राक्षबाग होती. वेली बुंध्यातून कापून बांधाला रचल्यात. तार गुंडाळून झाली, वेलींना आधार देणारे लोखंडी वाय अँगल भंगारच्या टेम्पोत चढतायत. यापुढचा क्रम ठरलेला : मोजणी, रेखांकन म्हणजे प्लॉटचा नकाशा, त्याची मंजुरी. मग मुरमाचा रस्ता, फक्कीच्या पांढऱ्या रेघा, सिमेंटचे खुंट आणि सगळ्यात आधी उभी राहणारी कमान. एकराचे चाळीस गुंठे. पण रस्ते आणि मोकळी जागा सोडल्यावर विकायला त्याहून बरेच कमी उरतात, ती कसर भावात निघते. भाव ठरतो महामार्गापासूनच्या अंतरावर. जमीन काळी की मुरमाड, हे इथे कुणी विचारत नाही.

मजुरीला येणाऱ्या बायकांचं काम, विहिरीचं पाणी, ओहोळांच्या वाटा, हेही त्याच व्यवहारात गेलं.

(दृश्य : समृद्धी महामार्ग, गोंदे इंटरचेंज)

हे सिन्नर तालुक्यातलं गोंदे. कारखान्यांचं गोंदे दुमाला ते वेगळं, मुंबईच्या वाटेवरचं. इथे समृद्धी महामार्ग नाशिक-पुणे रस्त्याला भेटतो. ७०१ किलोमीटरचा हा मुंबई-नागपूर मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. मधेच ढाबा टाकता येत नाही की गाळे काढता येत नाहीत. उड्डाणपुलाच्या त्या मुंबई-आग्रा रोडला शहर दुतर्फा पसरलं, कारण तिथे कुठूनही वळता येत होतं. इथे गाडी फक्त इंटरचेंजला उतरते, म्हणून सगळी ओढ त्या एका जागेकडे. कॅमेरा थोडा पुढे नेला की शेतंच शेतं, फक्त दुभागलेली. याच तालुक्यातल्या शिवडे गावाने भूसंपादनाला कडवा विरोध केला होता, हे लक्षात असू द्या.

पुढचा नंबर पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा. मूळ आखणी २३५ किलोमीटरची. सिन्नर भागात जमिनींची खरेदीही सुरू झाली होती. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून ती आखणी अडली, आणि आता शिर्डीवरून जाण्याचा विचार पुढे आलाय. नव्या मार्गावर स्टेशन जिथे पडेल, तिथली शेतं सगळ्यात आधी विकली जातील. म्हणून स्टेशनाभोवतीचा आराखडा आधी हवा, रेखांकनं नंतर. आज जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, रेखांकन नगररचनेकडे आणि रूळ तिसऱ्याच खात्याकडे.