जखम, प्रतिकार आणि नवी पालवी

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सभ्य श्रोतेहो,

रोगप्रतिकारशक्ती हा शब्द गेल्या काही वर्षांत इतका घरोघरी पोहोचला आहे की, काढ्याच्या बाटलीपासून च्यवनप्राशाच्या डबीपर्यंत सगळीकडे तो छापलेला दिसतो आणि ही शक्ती जितकी वाढेल तितकी बरी, असा आपला समज होऊन बसला आहे. मी आज तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहणार आहे. जंतूंशी लढणारी यंत्रणा आणि मोडतोड दुरुस्त करणारी यंत्रणा ही जणू शरीराची दोन स्वतंत्र खाती आहेत, अशा थाटात आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांची प्रकरणे लावलेली असतात. माझे म्हणणे असे आहे की, निदान जखमेच्या जागी तरी ही वाटणी टिकत नाही. आणि हे केवळ प्राण्यांपुरते खरे नसून आपल्या कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या, झाडांनाही लागू आहे.

सुरुवात मेचनिकॉफपासून करणे भाग आहे. 1882 साली सिसिली बेटावरच्या मेसिना गावी या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा भटक्या पेशींनी त्या काट्याला वेढा घातलेला होता. या अळ्यांना रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे या पेशी रक्तातून वाहत आल्या नव्हत्या, आपणहून सरकत आल्या होत्या. परके कण गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना इथून निघाली आणि 1908 साली पॉल एर्लिख यांच्यासोबत मेचनिकॉफना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगात रोगजंतू कुठेच नव्हता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथे होती ती फक्त इजा.

या भक्षक पेशींपैकी मॅक्रोफेज नावाच्या पेशी केवळ साफसफाई करतात की आणखी काही, याचे उत्तर मिळायला पुढे बराच काळ लागला. मेक्सिकोतला ॲक्झोलॉटल हा सॅलॅमँडर तुटलेला पाय हाडे, स्नायू, नसा यांसकट नव्याने उगवतो. 2013 साली जेम्स गॉडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध देऊन त्याच्या शरीरातले मॅक्रोफेज काढून टाकले आणि मग पाय कापला. जखम बंद झाली, पण पाय उगवला नाही. त्या जागी नुसता व्रण राहिला. काही काळाने मॅक्रोफेज पुन्हा भरून आल्यावर त्याच ठिकाणी परत काप घेतला, तेव्हा मात्र पाय पूर्ववत आला. अवयव घडवण्याची क्षमता त्या प्राण्यात शाबूत होतीच. ती कामाला लागण्यासाठी प्रतिकारपेशींची हजेरी आवश्यक होती, हे या दुसऱ्या कापाने सिद्ध केले. मला स्वतःला पहिल्या निष्कर्षापेक्षा हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो, कारण पहिल्या निष्कर्षावर 'औषधाने प्राणीच अशक्त झाला असेल' असा आक्षेप घेता आला असता.

माणसात अशी क्षमता फारच थोडी आहे. लहान मुलाच्या बोटाचा शेंडा दारात चेंगरून तुटला आणि नखाचे मूळ शाबूत राहिले, तर टाके न घालता नुसती स्वच्छ पट्टी बांधून तो बऱ्याच अंशी परत येतो, हे 1974 साली इंग्लंडमधल्या डॉ. सिंथिया इलिंगवर्थ यांनी नोंदवले होते. दुसरे उदाहरण यकृताचे. त्याचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढून वजन भरून काढतो. 1996 साली असे दिसले की, ज्या उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-6 हा प्रतिकारयंत्रणेचा संदेशवाहक तयारच होत नाही, त्यांचे यकृत नीट वाढत नाही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत टोसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी ज्यांनी फोनवर फोन केले असतील, त्यांना हे नाव आठवेल, कारण ते इंजेक्शन याच इंटरल्यूकिन-6 चा परिणाम रोखते. एका रुग्णाच्या फुप्फुसात जो रेणू अनर्थ करतो, त्याच रेणूवाचून यकृताची दुरुस्ती अडते. म्हणून 'वाढवा' असे सरसकट सांगणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही.

आता वनस्पतींकडे वळू. त्यांना रक्त नाही आणि त्यांच्या पेशी कठीण भिंतींत कोंडलेल्या असल्याने धावून जाणारे भक्षकही नाहीत. जे काही करायचे ते प्रत्येक पेशीने जागच्या जागी. तरीही एका पानावरची इजा दुसऱ्या पानाला कळते. 1972 साली अमेरिकेत क्लॅरेन्स रायन यांनी दाखवून दिले की, टोमॅटो-बटाट्याचे एक पान भुंग्याने कुरतडले, तर न कुरतडलेल्या पानांतही किड्याचे पचन बिघडवणारी प्रथिने साठू लागतात. 2018 साली मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांनी हा निरोप जाताना प्रत्यक्ष चित्रित केला. कॅल्शियम वाढले की उजळणारे प्रथिन त्यांनी रोपात घातले होते. पान कापताच, जखमेतून सांडलेल्या ग्लुटामेटमुळे, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने एक उजळ लाट शिरांमधून सरकत दूरच्या पानांपर्यंत पोहोचते. ग्लुटामेट आपल्या मेंदूतही संदेश नेतो. पण त्यावरून वनस्पतींना मेंदू असतो असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये.

हा झाला प्रतिकार. पुनर्निर्मितीचा अभ्यास मात्र वनस्पतिशास्त्रात वेगळ्या वाटेने चालला होता. वनस्पतीच्या एकेका पेशीत संपूर्ण रोप घडवण्याची क्षमता असावी, हा विचार गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 मध्ये मांडला. 1941 मध्ये योहानेस व्हान ओव्हरबेक यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे भ्रूण नारळाच्या पाण्यावर वाढवले, आणि त्याच पाण्याच्या आधाराने एफ. सी. स्टुअर्ड यांनी 1958 च्या सुमारास गाजराच्या सुट्या पेशींपासून अख्खी रोपे मिळवली. या पाण्यात सायटोकायनिन गटाची संप्रेरके असतात. स्कूग आणि मिलर यांनी 1957 मध्ये याचा हिशेब मांडला: ऑक्सिन हे दुसरे संप्रेरक जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळे फुटतात, उलट असेल तर कोंब, आणि दोन्ही मध्यम असतील तर कॅलस नावाचा पांढुरका, बिनघाटाचा पेशींचा गोळा नुसता वाढत राहतो. गंमत अशी की, ज्याच्या पाण्याने हे शास्त्र उभे राहिले त्या माडाला स्वतःला वाढीचा एकच कोंब असतो. गेंड्या भुंग्याने किंवा कुजव्याने तो गेला की माड गेला.

हाच हिशेब आपल्याकडे गुटी कलमात उघड्या डोळ्यांनी दिसतो. पेरूच्या किंवा लिंबाच्या फांदीवरची बोटाच्या पेरभर रुंदीची साल गोलाकार काढून, त्यावर ओले शेवाळ लावून प्लास्टिक घट्ट गुंडाळायचे. काही आठवड्यांनी प्लास्टिकमधून मुळ्या दिसू लागतात. त्या कापाच्या वरच्या कडेला फुटतात, खालच्या कडेला नाही. शेंड्याकडून खाली येणारे ऑक्सिन आणि पानांत तयार झालेली साखर, दोन्ही साल तुटल्यामुळे त्या वरच्या कडेशी अडतात. आधी कडेला कॅलसची गाठ येते आणि मग तिच्या आसपासून मुळ्या बाहेर पडतात. ज्यांच्या घरी असे कलम बांधलेले असेल त्यांनी प्लास्टिक न सोडता, बाहेरूनच नीट पाहावे.

पण संप्रेरके जागेवर असली, तरी कामाला लागण्याचा हुकूम येतो कुठून? 2011 साली जपानमध्ये अकिरा इवासे आणि केइको सुगिमोतो यांच्या गटाने विंड-1 हे जनुक शोधले. इजा होताच ते जागे होते आणि ठरीव काम करणाऱ्या पेशींना पुन्हा विभाजनाकडे वळवते. त्याला कोण जागे करते, याचे एक उत्तर 2024 मध्ये चीनमधून आले. चुआन्यू ली यांच्या गटाकडे टोमॅटोचे एक बिघडलेले वाण होते. त्याचा प्रतिकार दुबळा होता. आणि बारकाईने पाहता, कापल्यावर त्याला नवे कोंबही नीट फुटत नव्हते. दोन्ही दोष एकाच जनुकातून आलेले. हे जनुक ज्या लहान पेप्टाइडची, म्हणजे प्रथिनासारख्याच पण आखूड साखळीची, बांधणी करते त्याला रेफ-1 म्हणतात, आणि ते ज्या कुळातले आहे ती पेप्टाइडे 2006 पासून संकटाची सूचना देणारे रेणू म्हणून ओळखीची होती. जखमी पेशीतून बाहेर पडलेले रेफ-1 शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला चिकटते, त्यातून विंड-1 जागे होते, आणि विंड-1 पुन्हा रेफ-1 चे उत्पादन वाढवते. बाहेरून हे पेप्टाइड दिल्यावर गहू, मका, सोयाबीन यांसारख्या हट्टी पिकांतही नवे कोंब फुटण्याचे प्रमाण वाढले. प्रतिकार आणि पुनर्निर्मिती एकाच संदेशावर चालतात याचा इतका सरळ पुरावा वनस्पतींत याआधी माझ्या वाचनात आला नव्हता.

या संदेशाचा गैरफायदा घेणारेही आहेत. ॲग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू जखमी झाड सोडते त्याच फिनॉल रसायनांनी सावध होतो, स्वतःच्या डीएनएचा तुकडा पेशीत घुसवतो, आणि त्या तुकड्यात ऑक्सिन व सायटोकायनिन बनवणारी जनुके असल्याने खोडावर न थांबणारी गाठ वाढते. माणसाच्या कर्करोगाविषयी हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी 1986 मध्ये मांडलेला विचार याच्या जवळचा आहे: अर्बुद म्हणजे भरून न येणारी जखम, कारण दुरुस्तीसाठी येणाऱ्या पेशी आणि रक्तवाहिन्या तिथेही तशाच जमतात.

शेवटी आंबा आणि काजूविषयी, कारण ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे वाढवून, मानकुराद आंबा घरोघरी का देता येत नाही, असा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. आंब्याचा किंवा काजूचा तुकडा कापून काचेच्या बाटलीत ठेवला की कापाची कड तपकिरी पडते आणि पुष्कळदा तुकडाच मरतो. जखमेवर येणारी फिनॉले हवेशी संयोग पावून जंतूंना मारक होतात, पण बाटलीतल्या एवढ्याशा जागेत ती झाडाच्या स्वतःच्या पेशींनाही मारतात. म्हणजे इथे प्रतिकार पुनर्निर्मितीच्या आधी पोहोचतो आणि तिला वाट देत नाही. प्रयोगशाळेत यासाठी माध्यमात कोळशाची पूड किंवा 'क' जीवनसत्त्व घालतात, तुकडे वारंवार ताज्या माध्यमावर हलवतात, आणि तरीही यश तुटपुंजे असते. कोय कलम बांधणारा माळी हीच अडचण वेगळ्या रीतीने टाळतो. तो धारदार चाकूने एकाच झटक्यात पाचर घेतो, काडी खुंटात बसवून लगेच पट्टी आवळतो, आणि हवा आत जायला सवड ठेवत नाही. कड काळी पडण्याआधी दोन्ही बाजूंच्या पेशी एकमेकींना टेकलेल्या असतात. त्यामुळे आंब्या-काजूची रोपे अजून तरी रोपवाटिकेत, चाकूनेच तयार होतात.