चंद्रपूरच्या कोळशातलं पान

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी. वर्धेच्या खोऱ्यातल्या या खाणींतून निघणारा कोळसा म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचं दलदलीतलं जंगल. त्या जंगलातल्या एका झाडाच्या पानांचे ठसे कोळशालगतच्या दगडांत मिळतात. पान जिभेसारखं लांबट, मधोमध ठसठशीत शीर. या वनस्पतीचं नाव ग्लॉसॉप्टेरिस.

आता हेच पान बघायला अंटार्क्टिकावर जाऊ.

८ फेब्रुवारी १९१२. दक्षिण ध्रुवावरून परतणारे कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे चार साथीदार बिअर्डमोर हिमनदीपाशी थांबले. पाचही जण थकलेले, अर्धपोटी. तरीही डॉ. एडवर्ड विल्सन यांनी तिथल्या कड्यातून जीवाश्म वेचले. सुमारे १६ किलो दगड स्लेजवर चढले. पुढे माणसं एकेक करून गेली, पण दगड कुणी टाकून दिले नाहीत. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबूत तीन मृतदेह सापडले आणि जवळच ते दगड. १९१४ मध्ये केंब्रिजच्या अल्बर्ट सीवर्ड यांनी त्यांतलं पान ओळखलं. ग्लॉसॉप्टेरिस!

तेच झाड दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेतही होतं. मधे एवढे महासागर, आणि त्याचं बी काही वाऱ्यावर हजारो किलोमीटर जाणारं नव्हे. तेव्हाचे बरेच भूशास्त्रज्ञ म्हणत, खंडांना जोडणारे जमिनीचे पूल होते, ते समुद्रात बुडाले.

आल्फ्रेड वेगेनर यांना हे पटेना. स्कॉट हिमनदीपाशी थांबले त्याच्या महिनाभर आधी, ६ जानेवारीला, या ३१ वर्षांच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं फ्रँकफुर्टमध्ये सांगितलं: खंड एकेकाळी जोडलेले होते, ते सरकत दूर गेले. पुरावे भक्कम होते. पण एवढ्या अवजड भूभागाला ढकलतं कोण? वेगेनर यांनी सुचवलेली बलं फारच तोकडी पडत होती, आणि त्या एका उणिवेपायी बहुतेकांनी सगळा सिद्धांतच मोडीत काढला. हा त्यांच्यावर अन्यायच होता. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचा अंत झाला.

याचं उत्तर मिळालं ते समुद्राच्या तळाशी. १९५० च्या दशकात मेरी थार्प यांना अटलांटिकच्या तळाचा नकाशा रेखाटताना मधल्या पर्वतरांगेत एक लांबलचक खचदरी दिसली. तिथे तळ दुभंगतो, खालून लाव्हा येतो, नवा तळ तयार होतो. खंड ज्या भूपट्टांवर, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या अवाढव्य तुकड्यांवर आहेत, ते भूपट्टच हलतात.

भारताची वाटचाल तर थक्क करणारी. ग्लॉसॉप्टेरिसचे हे सगळे खंड ज्यात जोडलेले होते, तो गोंडवन हा महाखंड फुटला. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर मागे राहिलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आजच्या रियुनियन बेटाखाली पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या तप्त स्रोतावरून भारत जाताना, लाव्ह्याचे थरांवर थर साचले. सह्याद्रीचा काळा पाषाण तो हाच. वाटेतला टेथिस समुद्र मिटत गेला. त्यातल्या अमोनाइट या शंखधारी जिवांचे जीवाश्म आज गंडकीच्या पात्रात मिळतात, आणि आपण शाळिग्राम म्हणून ते देवघरात पुजतो.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला, पण थांबला नाही. आजही तो वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. हिमालयाखालच्या खडकांत हा ताण साठत जातो आणि भूकंपात मोकळा होतो. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये तो मोकळा झाला, तेव्हा जवळपास ९ हजार माणसं गेली. त्या पट्ट्यात ताण आजही साठतो आहे.